खिशांतील रिव्हॉल्व्हर : हलकेपणाचा हिशेब

शस्त्रांचे इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष बहुधा मोठ्या तोफांकडे व रणांगणावरील बंदुकांकडे असतें. कोणत्या तोफेनें कोणता तट पाडला आणि कोणत्या बंदुकीनें कोणत्या लढाईचा निकाल फिरविला, याची नोंद तपशीलवार सांपडते. परंतु जें शस्त्र शिपायाच्या खांद्यावर न चढतां गृहस्थाच्या कोटाच्या खिशांत जाऊन बसलें, त्याचा विचार इतिहासाचा विषय म्हणून थोडा आणि कादंबरींतील एक सोयीस्कर वस्तु म्हणून फार झाला आहे. वास्तविक पाहतां या लहानशा शस्त्राची कथा पुष्कळ बोधप्रद आहे. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ त्याचे कारखानदार गिऱ्हाइकांना एकच अभिवचन देत आले : नवें रिव्हॉल्व्हर जुन्याहून हलकें आहे. हें अभिवचन खोटें नव्हतें. पण कमी केलेलें वजन नाहींसें होत नाहीं. तें कधीं धक्क्याच्या, कधीं निगेच्या तर कधीं जबाबदारीच्या रूपानें बाळगणाऱ्याकडे परत येतें. तोच हिशेब येथें थोडक्यांत मांडून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

एकच नळी आणि तिच्या मागें पांच-सहा घरांचें फिरतें चक्र, ही रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना. तिला व्यवहारांत आणण्याचें श्रेय सामान्यतः अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट याला देतात. घोडा चढवितांच चक्र आपोआप एक घर पुढें सरकावें व तेथें घट्ट अडकून बसावें, ही त्याची योजना. १८३६ सालीं त्याला अमेरिकन सरकारचें पेटंट मिळालें व न्यू जर्सींतील पॅटर्सन गांवीं त्यानें कारखाना घातला. परंतु तो १८४२ त बसला. पुढें मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें तेव्हां टेक्सासच्या स्वारांपैकीं कॅप्टन वॉकर याच्या सूचनेवरून १८४७ सालीं जें नवें रिव्हॉल्व्हर निघालें, त्यानें कोल्टचें नशीब उघडलें. त्याचें वजन होतें सुमारें साडेचार पौंड! कमरेस लटकविण्यासहि तें जड. म्हणून तें बहुधा घोड्याच्या खोगिरास अडकवीत.

पण कोल्टला संपत्ति मिळाली ती केवळ स्वारांकडून नव्हे. कॅलिफोर्नियांत सोन्यासाठीं झुंबड उडाली त्याच १८४९ सालीं त्यानें खिशांत मावण्याजोगें .३१ मापाचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. तें १८७३ पर्यंत निघत होतें आणि त्या अवधींत त्याचे तीन लाखांहून अधिक नग तयार झाले. सरकारी कायदा व पोलीस जेथें अद्याप पोंचले नव्हते, तेथें जाणाऱ्या माणसास हें दीड पौंडाच्या आसपासचें साधन हवेंसें वाटलें, यांत नवल नाहीं. मात्र त्या दीड पौंडाबरोबर एक नित्यकर्महि त्याच्या माथीं आलें. प्रत्येक घरांत दारू ओतावयाची, शिशाची गोळी ठांसावयाची, मागें तांब्याची टोपी बसवावयाची. आणि एवढें करून चार गोळ्या झाडल्या कीं काळ्या दारूच्या राखेनें चक्र अडूं लागे. ही राख हवेंतील ओलावा शोषून घेते. शस्त्र गरम पाण्यानें व साबणानें धुवून, पूर्ण कोरडें करून, तेलाचा हात दिल्याखेरीज तें टिकत नसे. पुढें धूररहित दारू आली तरी टोपींतील पोटॅशियम क्लोरेटपासून होणारा क्षार मागें राहीच. हा क्षार पाण्यांत विरघळतो, तेलांत विरघळत नाहीं. म्हणून नुसतें तेल लावून समाधान मानणाऱ्यांच्या नळ्या आंतून गंजत, आणि कोंकणपट्टीसारख्या दमट प्रदेशांत तर फारच लवकर. गंज न आणणाऱ्या टोप्या १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत येऊं लागल्या. तोपर्यंत ही शिक्षा प्रत्येक मालकास होती.

हलकेपणाच्या मार्गावरील दुसरें पाऊल स्मिथ व वेसन या जोडीनें टाकलें. चक्राचीं घरें आरपार पोकळ असावींत, म्हणजे मागून तयार काडतूस घालतां येईल, ही कल्पना रोलिन व्हाइट नांवाच्या कारागिराची. तिचें पेटंट त्यानें १८५५ त घेतलें होतें. दर नगास २५ सेंट देण्याच्या कराराने स्मिथ-वेसन यांनीं तो हक्क मिळविला व १८५७ सालीं .२२ मापाचें, सात गोळ्यांचें, पाऊण पौंडाच्या आसपास वजनाचें रिव्हॉल्व्हर विक्रीस काढलें. अमेरिकेच्या यादवी युद्धांत पुष्कळ सैनिकांनीं तें स्वतःच्या खर्चानें विकत घेऊन जवळ बाळगलें. दारू ओतणें नाहीं, ठांसणें नाहीं, सोय उत्तम. पण गोळी इतकी दुबळी कीं तिच्यापासून रक्षणापेक्षां धीरच अधिक मिळत असावा. बिचाऱ्या व्हाइटच्या वाट्यास मात्र निराळेंच ओझें आलें. पेटंटाचा भंग करणाऱ्यांशीं न्यायालयांत झगडण्याचें काम करारानें त्याच्याच गळ्यांत पडलें होतें. पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून त्यानें खटपट केली, तेव्हां प्रतिनिधिसभांनीं संमत केलेलें विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनीं १८७० सालीं नाकारलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या शस्त्राचें गिऱ्हाईक पालटलें. आतां तें सोन्याच्या खाणीकडे निघालेल्या साहसी माणसाऐवजीं शहरांतील व्यापारी, प्रवासी, डॉक्टर असल्या सभ्य लोकांस विकावयाचें होतें. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्यानें १८७२ त ‘ब्रिटिश बुलडॉग’ हें आंखूड नळीचें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याच्या नकला बेल्जियममध्यें व अमेरिकेंत मुबलक निघाल्या. फ्रान्समध्यें ‘वेलो-डॉग’ नांवाचें एक गमतीचें रिव्हॉल्व्हर निघालें. नव्यानेंच सायकलीवर बसूं लागलेल्या लोकांच्या मागें कुत्रीं लागत, त्यांना पिटाळण्यासाठीं तें होतें. आणि दयाळु स्वारांसाठीं शिशाऐवजीं मिरपुडीचीं काडतुसेंहि मिळत. १८८७ सालीं स्मिथ-वेसन यांनीं घोडा आंत झांकलेलें रिव्हॉल्व्हर आणलें. खिशांतून काढतांना घोडा कापडांत अडकूं नये हा एक हेतु. आणि मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटूं नये म्हणून मुठीच्या मागें एक दाबपट्टी बसविलेली होती. ही दाबपट्टी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शस्त्र खिशांत, म्हणजेच घरांत, म्हणजेच मुलांच्या हाताच्या टप्प्यांत आलें, याची ती मूक कबुलीच होय.

सोपेपणाची दुसरी बाजू १८८१ सालीं जगास दिसली. २ जुलै रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो यानें गोळ्या झाडल्या, त्या ब्रिटिश बुलडॉगनेंच. शस्त्रविद्येशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. उसन्या पैशांनीं त्यानें रिव्हॉल्व्हर घेतलें व पोटोमॅक नदीच्या कांठीं थोडा सराव केला, तेवढें पुरलें. डॉक्टरांनीं जखमेंत अस्वच्छ बोटें व हत्यारें घातल्यामुळें विकार बळावून १९ सप्टेंबरला अध्यक्षांचा अंत झाला. तलवारीस वर्षांची तालीम लागे. या शस्त्रास दुकानदाराचें बिल चुकतें करणें पुरें होतें.

आमच्या देशांत याच सुमारास प्रश्न वेगळ्या रूपानें उभा होता. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची हिंदी प्रजेस बंदी झाली, आणि युरोपियनांस नियमानें सूट मिळाली. एकाच आगगाडीच्या डब्यांतील दोन प्रवाशांपैकीं एकाच्या खिशांतील रिव्हॉल्व्हर ही सभ्य गृहस्थाची खबरदारी ठरे आणि दुसऱ्याच्या खिशांतील तेंच रिव्हॉल्व्हर गुन्हा ठरे. राष्ट्रीय सभेनें मद्रास येथील १८८७ च्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो सर्वांस शस्त्रें हवींत एवढ्याचसाठीं नव्हे. विश्वासास पात्र कोण, हें कातडीच्या रंगावरून ठरावें, हा अपमान त्याच्या मुळाशीं होता.

आतां खुद्द हलकेपणाकडे वळूं. येथें न्यूटनच्या नियमापुढें जाहिरातीची मात्रा चालत नाहीं. गोळी जितक्या संवेगानें पुढें जाते, तितक्याच संवेगानें शस्त्र मागें येतें. १० ग्रॅमची गोळी सेकंदास २३० मीटर वेगानें निघाली, तर दारूच्या वायूंचा भाग सोडला तरी १ किलोग्रॅमचें शस्त्र सेकंदास २.३ मीटर वेगानें हातावर आदळतें. तेंच अर्ध्या किलोग्रॅमचें केलें कीं वेग दुप्पट होतो, आणि धक्क्याची ऊर्जाहि दुप्पट होते. म्हणजे खिशावरून उतरविलेला भार मनगटावर चढतो. मनगट दुखलें कीं माणूस सराव टाळतो. आणि सराव टाळला कीं ऐन प्रसंगीं गोळी भलत्यालाच लागण्याचा संभव वाढतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचा धातु जो अॅल्युमिनियम, तो या कारखान्यांत शिरला. १९५० सालीं कोल्टनें ‘कोब्रा’ काढलें : जुन्या पोलादी रिव्हॉल्व्हरचें वजन २१ औंस, याचें १५. स्मिथ-वेसन यांचें ‘एअरवेट’ १९५२ त आलें. अमेरिकन विमानदलास तर याहूनहि हलकें हवें होतें, म्हणून त्याच्यासाठीं चक्रहि अॅल्युमिनियमचेंच केलें. परंतु काडतुसाच्या स्फोटाचा दाब सोसावयाचा असतो तो चक्रास. त्यासाठीं मुद्दाम सौम्य काडतुसें बनवावीं लागलीं, तरीहि धोका टळेना. शेवटीं विमानदलानें तीं बहुतेक रिव्हॉल्व्हरें परत घेऊन नष्ट केलीं. व्यापारी मालांतहि सांगाडा अॅल्युमिनियमचा ठेवून चक्रापुरतें पोलादाकडे परतावें लागलें. १९६५ त आलेलें न गंजणाऱ्या पोलादाचें रिव्हॉल्व्हर हें खिशांतील घामावरचें उत्तर होतें. १९९९ सालीं टायटॅनियमचें चक्र व २००१ सालीं स्कँडियम-मिश्रित अॅल्युमिनियमचा सांगाडा आला. ज्या मूलद्रव्याचें भाकीत मेंडेलीव्हनें १८७१ त कागदावर केलें व जें १८७९ त निल्सनला सांपडलें, त्याच्या अगदीं अल्प अंशानें आतां बारा औंसांच्या आसपासचें रिव्हॉल्व्हरहि प्रखर काडतूस सोसूं लागलें.

पण शस्त्रानें सोसलें म्हणून हातानें सोसलें असें होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर निगेचे नियम उलट कडक झाले. यांतील कांहीं रिव्हॉल्व्हरांच्या नळीवरच कोरलेलें असतें कीं, १२० ग्रेनहून हलकी गोळी वापरूं नये. कारण तशा काडतुसांची ज्वाला टायटॅनियमचें चक्र खाते. जी गोळी काडतुसांत घट्ट आवळलेली नसते ती धक्क्यानें पुढें सरकते व चक्र जाम करते. पोलादी चक्राच्या तोंडावरील काजळी घांसून काढतां येई. टायटॅनियमवर घांसणारी पूड चालत नाहीं, कारण वरचा थर गेला कीं धातूची झीज सुरू होते. शस्त्र चामड्याच्या म्यानांत ठेवून कपाटांत टाकणें हें जुन्या पोलादास जसें घातक, तसेंच आजहि. चामडें ओलावा धरून ठेवतें. आणि हें सारें करण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं चक्र उघडून सर्व घरें रिकामीं असल्याची डोळ्यांनीं खात्री करणें, हा नियम तर धातूच्या कोणत्याहि शोधानें सैल झालेला नाहीं.

१९६३ सालचा एक प्रसंग या विवेचनास फार लागू आहे. २४ नोव्हेंबर रोजीं डॅलसच्या पोलीस कचेरींत जॅक रूबी यानें ऑस्वाल्डला ठार केलें, तें कोल्ट कोब्रानेंच. रूबी हा रात्रींच्या मनोरंजनगृहाचा मालक. जवळ रोकड असे म्हणून तो रिव्हॉल्व्हर बाळगी. घटनेच्या अवघ्या चार मिनिटें आधीं तो जवळच्या तारकचेरींत एका नोकर स्त्रीला पैसे पाठवीत होता. त्याचें कृत्य पूर्वनियोजित होतें कीं क्षणिक संतापाचें, याविषयीं मतभेद आहेत. परंतु रोकड सांभाळण्यासाठीं घेतलेलें शस्त्र त्या क्षणीं त्याच्या खिशांत होतें, आणि त्यानें एका खटल्याचें सत्य कायमचें पुरून टाकलें, एवढें निर्विवाद आहे.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा १८७८ च्या कायद्याच्या जागीं आला व वर्णभेदाचा प्रश्न इतिहासजमा झाला. २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षित ठेवण्यास व तें हाताळण्याच्या शिक्षणास स्थान मिळालें, हें योग्यच झालें. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें ‘निर्भीक’ नांवाचें .३२ मापाचें, टायटॅनियमच्या मिश्रधातूचें, सुमारें ५०० ग्रॅमचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून काढलें. डिसेंबर १९१२ ची नव्हे, तर डिसेंबर २०१२ ची दिल्लींतील ती भीषण घटना सर्वांच्या मनांत ताजी होती. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरांत. ज्या मुली रात्रीं बसची वाट पाहत उभ्या असतात, त्यांच्यापैकीं कितीजणींना ही किंमत व परवाना या दोन्ही गोष्टी साध्य होत्या, हें सांगण्याची गरज नाहीं. रस्ता निर्भय करण्याचें समाजाचें ओझें अर्ध्या किलोग्रॅमचें करून एका स्त्रीच्या पिशवींत टाकण्याचाच हा प्रकार होता.

यावरून शस्त्र कोणींच बाळगूं नये असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. ज्याच्या जिवास खरोखर धोका आहे व ज्यास कायद्यानें परवाना दिला आहे, त्यानें तें घ्यावें. पण घेतांना तें किती हलकें आहे एवढेंच विचारूं नये. आपल्या मुठींत तें बसतें काय, त्याचा धक्का सोसून आपण नियमित सराव करूं काय, प्रत्येक पावसाळ्यांत तें उघडून पुसूं काय, आणि घरांतील मुलांपासून तें रोज, न चुकतां, कुलपांत ठेवूं काय, हे प्रश्न आधीं विचारावे. जुन्या स्वाराच्या खोगिरावरील साडेचार पौंड त्याला आपल्या जवळ काय आहे याची क्षणोक्षणीं आठवण देत. बारा औंस ती आठवण देत नाहींत. ती आपली आपणच ठेवावी लागते, आणि ज्याला ती ठेवतां येणार नसेल त्यानें दुकानाची पायरी न चढलेली बरी.