स्त्री-आरोग्यसेवा, महाराष्ट्रातील

गर्भधारणा, प्रसूती, संततिनियमन व गर्भसमापन यांसंबंधीची, तसेच जननेंद्रियांच्या रोगांचे निदान व प्रतिबंध करणारी वैद्यकीय सेवा. अशी सेवा शास्त्राला उपलब्ध असणे आणि ती स्त्रीला प्रत्यक्ष मिळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांमधील अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजेच महाराष्ट्रातील स्त्री-आरोग्यसेवेचा इतिहास होय.

प्रारंभ : एकोणिसाव्या शतकात बहुतेक बाळंतपणे घरीच, सुइणीच्या हातून होत. पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास स्त्रिया संकोचत व घरातील मंडळीही त्यास संमती देत नसत. त्यामुळे दवाखाना जवळ असूनही तो स्त्रियांना पारखाच राही. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचा पहिला मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावला. पुढे त्यांनी अमेरिकेत १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी संपादन केली. तेथे त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. मात्र क्षयामुळे अकाली मृत्यू आल्याने त्यांना स्वदेशी व्यवसाय करता आला नाही. त्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले स्त्रिया व मुले यांचे रुग्णालय सुरू झाले. तेथील कारभार स्त्री डॉक्टरांकडे असावा, ही या योजनेची मूळ कल्पना होती. एडिथ पीची यांनी तेथे प्रमुखपदी काम केले. रखमाबाई यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये वैद्यकीय अर्हता मिळविली व नंतर गुजरातेतील स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली.

संततिनियमनाची चळवळ : वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, हा विचार जाहीरपणे मांडणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) अग्रगण्य होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. या कार्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले व त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही सोसले. त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडण्यात आला, परंतु तो फेटाळला गेला. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला.

कायदा व सक्ती : १८६० च्या दंडसंहितेनुसार स्त्रीचा जीव वाचविण्याव्यतिरिक्त गर्भपात हा गुन्हा होता, परिणामी अनेक स्त्रिया छुप्या व घातक उपायांकडे वळत. शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भसमापनाचा कायदा संमत झाला. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी त्याची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. दुसरीकडे, आणीबाणीत (१९७५–७७) कुटुंबनियोजनाला लक्ष्यपूर्तीचे व सक्तीचे रूप आले. सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले. ते अंमलात मात्र आले नाही. सेवा विश्वासावर चालते व सक्तीने तो विश्वासच नाहीसा होतो, हा या काळाचा धडा होय.

गावपातळीवरील प्रयोग : रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) येथे प्रकल्प सुरू केला. त्यात गावातीलच स्त्रियांना, त्यांपैकी अनेक निरक्षर असतानाही, आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्री-आरोग्य म्हणजे केवळ प्रसूती व नसबंदी नव्हे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

कर्करोगप्रतिबंध : गर्भाशयग्रीवेचा कर्करोग दीर्घकाळ पूर्वावस्थेत राहतो, म्हणून तो वेळीच शोधून रोखता येतो. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या विषाणुचाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक अम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना चाचणी न दिल्याबद्दल या प्रयोगांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि ते दुर्लक्षणीय नाहीत.

फलश्रुती : महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण २००१–०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, २०१८–२० मध्ये ते ३३ झाले. शिक्षण, पोषण व दळणवळण यांचाही त्यात वाटा आहे. तथापि प्रसूतीतील रक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो. त्या वेळी उपचार हाताशी असणे निर्णायक ठरते. सेवेचे मूल्य रुग्णालयांच्या संख्येवर ठरत नाही. स्त्रीला तेथे वेळेवर, परवडेल अशा खर्चात व संकोचावाचून पोहोचता येते किंवा नाही आणि तेथे तिच्या संमतीला मान मिळतो किंवा नाही, यावर ते अवलंबून असते.