पोर्तोमारीन : धरणासाठी हलवलेले यात्रामार्गावरील गाव

वायव्य स्पेनच्या गालिसिया प्रांतात, लुगो जिल्ह्यात मिन्यो नदीकाठी पोर्तोमारीन हे लहान गाव आहे. सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील संत जेम्सच्या समाधीकडे जाणाऱ्या पायी यात्रेचा प्रमुख मार्ग या गावातून जातो.

पूल आणि गाव

मिन्यो ही मोठी नदी. ती ओलांडण्यासाठी येथे पूल होता, म्हणून मार्ग येथून गेला आणि मार्ग होता म्हणून गाव वाढले. 12व्या शतकाच्या आरंभी राणी उराका आणि तिचा पती, आरागोनचा राजा पहिला आल्फोन्सो, यांच्यातील युद्धात हा पूल पाडला गेला. पुढे 1120च्या सुमारास पेद्रो पेरेग्रिनो याने तो पुन्हा बांधला. त्याच शतकातील 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखितात त्याच्या या कामाची नोंद आहे. नदीच्या दोन्ही काठांवर वस्ती होती. सेंट जॉनच्या लष्करी धर्मसंघाने बांधलेले चर्च किल्ल्यासारखे दिसते. त्याच्या माथ्यावर तटबंदीसारखे कंगोरे आहेत.

धरण

1946मध्ये गावाला ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तरीही फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या काळात नदीच्या खालच्या अंगाला जलविद्युतनिर्मितीसाठी बेलेसार धरण उभे राहिले. सुमारे 130 मीटर उंचीचे हे कमानी धरण 1963मध्ये पूर्ण झाले. जुने गाव बुडीत क्षेत्रात गेले आणि नवे गाव वरच्या टेकडीवर वसवले गेले.

स्थलांतराचे तंत्र

वास्तुविशारद फ्रान्सिस्को पोन्स-सोरोया यांच्या देखरेखीखाली चर्चच्या दगडांवर क्रमांक घातले गेले. मग ते एकेक करून उतरवले आणि टेकडीवर त्याच क्रमाने रचले. काही दगडांवरचे क्रमांक आजही दिसतात. घडीव दगडांच्या बांधकामात प्रत्येक दगडाचा आकार व जागा ठरलेली असते, म्हणून हे शक्य झाले. दुसऱ्या काठावरील सान पेद्रो चर्चचा दर्शनी भागही हलवण्यात आला. जुन्या पुलाची एक कमान नव्या गावाच्या प्रवेशाजवळील जिन्याखाली आहे.

काय हलले, काय राहिले

दगडांना क्रमांक देता येतात. नदीकाठची सुपीक शेते आणि द्राक्षमळे यांना ते देता येत नाहीत. ते पाण्याखाली गेले. पूल हे गावाच्या जन्माचे कारण होते. जलाशयावर नवा उंच पूल झाला, पण गावाचे नदीशी असलेले रोजचे नाते तुटले. पाण्याची पातळी खाली गेली की जुन्या घरांच्या भिंती आणि जुन्या पुलाचे अवशेष उघडे पडतात.

यात्रेकरू मात्र येत राहिले. यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान 100 किलोमीटर चालावे लागते. त्यामुळे पुष्कळ जण सारिया गावापासून चालू लागतात, आणि पहिला मुक्काम बहुधा पोर्तोमारीनलाच पडतो. आजच्या गावाचा मोठा आधार तोच आहे.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. इमारत वाचवणे हा मोजमापाचा आणि क्रमाचा प्रश्न आहे, तो येथे उत्तम सुटला. वस्ती वाचवणे म्हणजे ती जिथे आहे त्या जागेचे कारण वाचवणे. प्रकल्प अहवालातील 'स्थलांतरित वास्तू' या रकान्यात पहिली गोष्ट मावते. दुसरीसाठी रकानाच नसतो, आणि म्हणून ती आराखड्याच्या टप्प्यावरच विचारात घ्यावी लागते.