'मुक्तामाले'नंतर काय? : अद्भुतरम्य कादंबरीचा वाचक आणि त्याचे पुढचे पुस्तक

आवडती दीर्घ अद्भुतकथा वाचून संपली की वाचकाला एक रितेपण जाणवते आणि 'आता काय वाचावे' असा प्रश्न पडतो. हा प्रश्न वरवर खाजगी आवडीनिवडीचा वाटतो. 'हॅरी पॉटर'ची सात भागांची मालिका २००७ मध्ये पूर्ण झाली तेव्हा तो अनेक भाषांतील वाचकांपुढे उभा राहिला. मराठी अनुवाद वाचणाऱ्यांनाही तो टळला नाही. परंतु मराठी कादंबरीच्या जडणघडणीत हाच प्रश्न त्याच्या सुमारे दीड शतक आधी कार्यरत होता.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६१ पासून भागाभागांनी निघू लागल्या. पित्याने आरंभिलेले ते काम पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांच्या हातून चालले. (ज्या ग्रंथावरून आपण या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, ती बाणभट्टाची 'कादंबरी'ही अपुरीच राहिली होती व पुत्राने पुरी केली, हा योगायोग लक्षणीय खरा.) भाग संपला, गोष्ट संपली नाही, अशा अवस्थेत वाचकाला ठेवणारे हे प्रकाशन होते. त्याच १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. १८६६ मध्ये त्यांचीच 'रत्नप्रभा' आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. मोत्यांची माळ, रत्नांची प्रभा, स्वर्गातली अप्सरा : ही शीर्षके एका माळेतली आहेत. ज्या काळात परीक्षणे वाचकाला वाट दाखवण्याइतकी रुळलेली नव्हती, त्या काळात शीर्षक हीच शिफारस होती. पहिले पुस्तक आवडलेल्याला दुसरे ओळखता यावे, एवढी सोय नायिकेच्या नावातच केलेली दिसते. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते येथे मुखपृष्ठापासूनच आखले जाते.

समीक्षेने या मागणीकडे कसे पाहिले? काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) या लेखनात असंभाव्यतेवर रोख आहे, आणि तो रास्तही आहे. सज्जनांची ताटातूट, दुष्टांची कारस्थाने, अखेर मीलन हा साचा वारंवार वापरला गेला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'तसलेच आणखी काही' मागणारा वाचक केवळ पुनरावृत्ती मागतो, हे गृहीत धरणे घाईचे ठरते. त्याला तीच मनःस्थिती हवी असते. तेच जग हवे असतेच असे नाही.

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा नेमके हेच घडले. किल्ला, बंदिवास, ताटातूट, सुटका ही सामग्री वाचकाच्या ओळखीची होती. काळ मात्र आता शिवाजी महाराजांचा होता. एक गोष्ट कायम ठेवावी आणि एक बदलावी, या रीतीने अद्भुताचा वाचक इतिहासाकडे वळला. वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात अद्भुतरम्य, ऐतिहासिक, सामाजिक असे टप्पे एकामागून एक येतात, जणू पहिल्या टप्प्याचा वाचक दुसरा उगवताच अंतर्धान पावला. फडताळापुढे उभे राहिल्यावर हा क्रम मोडतो. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत, म्हणजे 'यमुनापर्यटन'च्या (१८५७) जवळजवळ तीस वर्षे मागे जाते. अशा संस्थांची फडताळे कादंबरीच्या आधीची. त्यांत प्रत्येक नवी कादंबरी जुनीच्या शेजारी येऊन बसते, तिला हुसकावून लावत नाही. पालीसारख्या गावातून सुमारे २० किलोमीटर येऊन पुस्तक नेणाऱ्या वाचकाला १८६१ आणि १८९० ही साले एकाच फेरीत हाती लागू शकतात. त्याच्या दृष्टीने 'मुक्तामाले'नंतरचे पुस्तक 'रत्नप्रभा' असेल, 'मोचनगड' असेल किंवा 'पण लक्षांत कोण घेतो!'ही असेल.

हरिभाऊ आपटे यांच्याकडे तर या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. 'मधली स्थिती'चा (१८८५) आराखडा रेनॉल्ड्सच्या रहस्यमय कादंबरीवरून घेतलेला आहे. वास्तववादाचा आपल्याकडील अध्वर्यू स्वतः आधी त्या दुसऱ्या फडताळाचा वाचक होता. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुताचा एक स्वतंत्र वर्ग म्हणून विचार केला, तो येथे अधिक उपयुक्त ठरतो. मराठी समीक्षेने तो धागा पुढे पुरेसा ताणला नाही.

'पुढे काय' याचे उत्तर एकाच लेखकाने दिल्याचे उदाहरण नाथमाधवांचे. सिंहगडावरील अपघाताने अधू होऊन अंथरुणाला खिळल्यावर द्वारकानाथ माधवराव पितळे हे वाचनाकडे व त्यातून लेखनाकडे वळले, म्हणजे लेखक होण्याआधी तेही पुढचे पुस्तक शोधणारे वाचकच होते. १९१३ मधील 'वीरधवल'ने अद्भुतरम्यतेला नवा वाचक मिळवून दिला. त्यानंतर त्यांनी त्या वाचकासाठी आणखी एक काल्पनिक राज्य उभारण्यावर भर न देता 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' अशी कादंबऱ्यांची मालाच रचली. शीर्षकांतील पहिला शब्द पुन्हा तेच काम करतो, जे कधी रत्ने आणि अप्सरा करीत होत्या.