प्रोलॅक्टिनचा पूर्वेतिहास आणि रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार

तरुण वयात रक्तातील प्रोलॅक्टिनचे प्रमाण वाढलेल्या स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर संप्रेरक उपचार केवळ त्या पूर्वेतिहासामुळे वर्ज्य ठरत नाहीत. मात्र प्रोलॅक्टिन कशामुळे वाढले होते आणि ते कारण अजून शिल्लक आहे का, याची खातरजमा उपचारांपूर्वी होणे आवश्यक असते.

प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून स्रवणारे, स्तन्यनिर्मितीशी निगडित संप्रेरक आहे. डोपामिन त्याच्या स्रवणाला आवर घालते, तर इस्ट्रोजेन ते स्रवणाऱ्या पेशींना चालना देते. रजोनिवृत्तीनंतर दिलेल्या इस्ट्रोजेनमुळे जुना विकार उफाळेल, ही भीती यातूनच निर्माण होते.

प्रोलॅक्टिन वाढण्याची कारणे भिन्न असतात. थायरॉईडची कमतरता, मनोविकारांवरील काही औषधे, तसेच मळमळ व पित्तावर दिली जाणारी डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड ही त्यांपैकी काही. अशी कारणे दूर झाली असल्यास चिंता बरीच कमी होते. पीयूषिकेतील प्रोलॅक्टिनोमा ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. १० मिलिमीटरहून लहान गाठी सहसा फारशा वाढत नाहीत आणि रजोनिवृत्तीनंतर अनेकींमध्ये प्रोलॅक्टिन आपोआप उतरते.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लहान गाठीमुळे पाळी थांबलेल्या आणि अपत्य नको असलेल्या स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्या देता येतात. रजोनिवृत्तीनंतरच्या उपचारांतील इस्ट्रोजेनचा प्रभाव सर्वसाधारणपणे या गोळ्यांहून सौम्य असतो.

मोठ्या गाठींबाबत अधिक सावधगिरी लागते. त्या दृष्टिचेतांवर दाब आणू शकतात. अशा वेळी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांचा सल्ला, एमआरआय तपासणी आणि गरजेनुसार कॅबरगोलिनसारखे औषध चालू ठेवण्याचा विचार करावा लागतो.

पाळी अनियमित होणे ही तरुण वयातील धोक्याची सूचना रजोनिवृत्तीनंतर उरत नाही. त्यामुळे उपचारांपूर्वी आणि सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी प्रोलॅक्टिनची रक्तचाचणी उपयुक्त ठरते. सतत डोकेदुखी किंवा बाजूचे दिसेनासे होणे ही लक्षणे आढळल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते.

या निर्णयात हाडांचाही प्रश्न गुंतलेला आहे. प्रोलॅक्टिन वाढल्याने पाळी दीर्घकाळ बंद राहिलेल्या स्त्रियांच्या हाडांना इस्ट्रोजेनची उणीव रजोनिवृत्तीच्या कितीतरी आधीपासून भासलेली असते. त्यांच्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी महत्त्वाची ठरते. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखते. त्यामुळे अकारण भीतीपोटी उपचार नाकारण्यातही तोटा असू शकतो.

संप्रेरक उपचारांचे सर्वसाधारण नियम या स्त्रियांनाही लागू होतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा सक्रिय विकार किंवा कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव असल्यास हे उपचार सहसा टाळले जातात. गर्भाशय असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन द्यावे लागते. वयाच्या साठीपूर्वी किंवा रजोनिवृत्तीपासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास लाभ-हानीचे गणित अधिक अनुकूल मानले जाते. सल्ला घेताना जुने प्रोलॅक्टिन अहवाल, एमआरआय आणि घेतलेल्या औषधांची नोंद डॉक्टरांपुढे ठेवणे हिताचे ठरते.