सैलानीच्या वाटेवरचा दवाखाना

बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरांमध्ये उपचारांवरून वाद सुरू झाला, की गाडी हमखास सैलानीवर येते. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरही यायची. सर्दीला होमिओपॅथीच्या गोळ्या, काविळीला झाडपाला, पेपरच्या आधी कपाळाला अंगारा, हे सगळ्यांना चालायचं. सैलानीचं नाव निघालं की मात्र दोन तट पडायचे. एक म्हणायचा, शुद्ध अंधश्रद्धा. दुसरा म्हणायचा, आमच्या घरचं माणूस तिथून बरं होऊन आलंय. लोक तिथे जायला का लागले, हे कुणीच विचारायचं नाही.

पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोघंही येतात. 'बाहेरची बाधा' झाली असं समजून मानसिक रुग्णांना इथे आणतात. होळीत नारळ आणि अंगावरचे कपडे टाकले की बाधा जळते, अशी समजूत आहे.

आता दुसरी बाजू बघू. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होता, त्या काळात, १८६४ मध्ये, नागपुरात मनोरुग्णांचं इस्पितळ सुरू झालं. बुलढाण्याहून ते तीनशे किलोमीटरपेक्षाही लांब. बरं, पोहोचून मिळणार काय होतं? तीव्र मनोविकारावरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आलं १९५२ मध्ये, फ्रान्समध्ये. त्याआधी जगभरच्या अशा इस्पितळांत मुख्यतः कोंडून ठेवणंच होतं. म्हणजे आपल्या पणजोबांसमोर निवड विज्ञान की अंधश्रद्धा अशी नव्हतीच. लांबची कोठडी की जवळचा दर्गा, एवढीच होती. दर्ग्यात निदान घरचं माणूस शेजारी बसू शकत होतं.

१९५२ नंतर हिशेब बदलला, पण औषध गावापर्यंत यायला फार वेळ लागला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला १९८२ मध्ये आणि जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ मध्ये, तोही देशातल्या मोजक्याच जिल्ह्यांत. मधल्या काळात दर्ग्याची वाट पक्की झाली.

त्या वाटेवर माणसं मेलीही आहेत. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांचा जीव गेला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर देशभर बंदी आणली. दर्ग्यात जायला मात्र कोणताच कायदा मनाई करत नाही आणि करूही नये.

गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून वेगळी वाट काढली गेली. उपक्रमाचं नावच 'दवा-दुआ'. दर्ग्याच्या आवारात मानसोपचाराची ओपीडी, आणि मुजावरच रुग्णाला तिकडे पाठवतात. श्रद्धा सोडा, असं कुणी म्हणत नाही.

होस्टेलवरच्या आमच्या वादात नेमकं हेच राहून जायचं. स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुतेक वेळा सतरा-अठरा ते तिशीच्या आत होते, म्हणजे कॉलेजच्याच वयात. उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं अवघड होतं. तेव्हा रूममेटला घरचे सैलानीला नेत असतील, तर वाद घालत बसू नका. जाऊ द्या. फक्त त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातही न्या, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन लावा. नवस नंतरही फेडता येतो, गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.