अर्धवट राहिलेल्या मालिका

२००७ च्या सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियातील जेनिऑन एंटरटेनमेंट या कंपनीने जाहीर केले, की आपण डीव्हीडींची विक्री आणि वितरण थांबवत आहोत. व्यापाराच्या जगात अशा बातम्या रोजच येतात, आणि त्यांचे आयुष्य दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रापर्यंतच असते. परंतु ही कंपनी जपानी ॲनिमे मालिका इंग्रजीत आणून विकणारी होती, आणि त्या काळी मालिका एकेका तबकडीने, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने बाजारात येत. साहजिकच बातमी आली त्या दिवशी अनेक चाहत्यांच्या कपाटांत काही मालिकांच्या पहिल्या दोन-तीन तबकड्या होत्या, आणि पुढच्या केव्हा येतील, येतील की नाही, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. जपानमध्ये त्या कथा केव्हाच पूर्ण झाल्या होत्या. इंग्रजीत मात्र त्या मध्यावरच तुटल्या.

वितरक बंद पडला तरी मूळ कलाकृती तिच्या देशात सुखरूप असते. धोक्यात येते ते तिचे भाषांतर, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले परदेशी प्रेक्षकांचे विश्व. साहित्याच्या अभ्यासकाने या व्यापारी घटनेकडे वळावे असे मला वाटते, ते याच कारणासाठी.

जेनिऑनचे पूर्वीचे नाव पायोनियर. ध्वनियंत्रे आणि लेझरडिस्क यंत्रे बनवणाऱ्या या जपानी उद्योगाला यंत्रे खपवायची, तर त्यांवर पाहण्याजोगे काही देणे भाग होते. त्यातून त्याची चित्रनिर्मितीची शाखा वाढली. १९९० च्या दशकाच्या आरंभी ही शाखा ‘तेन्ची मुयो’सारख्या मालिका घेऊन अमेरिकेत उतरली. पुढे ‘ट्रायगन’, ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’, ‘हेलसिंग’ अशा मालिकांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. २००३ मध्ये देंत्सू या बलाढ्य जाहिरातसंस्थेने ही शाखा विकत घेतली आणि तिचे नामांतर झाले. चार वर्षांनी अमेरिकेतील व्यवहार तोट्याचा ठरल्यावर टोकियोच्या मालकाने हात आखडता घेतला. त्याआधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, जेनिऑनच्या डीव्हीडींचे वितरण टेक्सासमधील एडीव्ही फिल्म्स या प्रतिस्पर्धी कंपनीकडे सोपवण्याचा करार जाहीर झाला होता. महिन्याभरातच तो फिसकटला.

वितरक नेमके काय करतो, हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे. तो जपानी हक्कधारकाला ठरावीक रक्कम आगाऊ देऊन विशिष्ट प्रदेशासाठी आणि विशिष्ट मुदतीसाठी परवाना घेतो. मग भाषांतरकार नेमतो, इंग्रजी संवाद ओठांच्या हालचालींशी जुळवून घेतो, कलावंतांकडून ध्वनिमुद्रण करवतो, उपशीर्षके घालतो, तबकड्या छापतो आणि दुकानांत पोचवतो. म्हणजे आपल्या परिभाषेत तो एकाच वेळी प्रकाशक, संपादक आणि नाट्यनिर्माता असतो. मात्र त्याने उभ्या केलेल्या या नव्या संहितेला स्वतःचे घर नसते; परवाना आहे तोवरच तिला बाजारात जागा. परवाना संपला किंवा परवानाधारक बुडाला, की इंग्रजी आवृत्ती निराधार होते. तीच जागा दुसऱ्या कोणाला विनासायास मिळेल असेही नाही, कारण प्रत्येक मालिकेमागे जपानमध्ये निर्माते, वाहिन्या, प्रकाशक यांची एक समिती असते, आणि तिच्या संमतीवाचून पान हलत नाही.

जेनिऑनच्या मालिकांचेही असेच झाले. २००८ च्या जुलैमध्ये टेक्सासच्याच फनिमेशन कंपनीने त्यांतील काही मालिकांचे वितरण स्वीकारले आणि तुटलेले काही धागे पुन्हा जोडले गेले. पण जोडण्याला किती काळ लागतो, ते ‘हेलसिंग अल्टिमेट’च्या उदाहरणावरून कळते. दहा भागांची ही मालिका जपानमध्ये २००६ ते २०१२ या काळात सावकाश निघत होती. तिचे आरंभीचे भाग अमेरिकी ग्राहकाने जेनिऑनकडून घेतले. पाच ते आठ हे भाग त्याला तबकडीवर मिळाले ते २०१२ मध्ये, आणि शेवटचे दोन २०१४ मध्ये. दिरंगाईचा काही दोष मूळ निर्मितीच्या संथपणाकडे जातो, हे खरे. तरीही महाविद्यालयात शिकत असताना ज्याने पहिली तबकडी घेतली, त्याने शेवटची घेतली तेव्हा तो संसाराला लागलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

या पडझडीची कारणे कोणती? त्या वेळी उद्योगातील अनेकांनी एकच बोट दाखवले: चाहत्यांनी स्वतः उपशीर्षके घालून आंतरजालावर फुकट पसरवलेल्या प्रती. या आरोपात तथ्य होते, परंतु त्याला एक पूर्वेतिहासही होता. अमेरिकेतील ॲनिमेप्रेमींचा आद्य संघ १९७७ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला, तेव्हा विकत घेण्यासारखे तेथे जवळजवळ काहीच नव्हते. जपान आणि अमेरिका यांची दूरचित्रवाणीची प्रसारणपद्धती एकच असल्याने टपालाने आलेल्या जपानी चित्रफिती तेथील यंत्रांवर सरळ चालत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकाच्या साहाय्याने चित्रावर अक्षरे उमटवणे शक्य झाले, आणि चाहतेच भाषांतरकार बनले. त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते: नफा घ्यायचा नाही, आणि मालिकेचा रीतसर परवाना कोणी घेतला की आपल्या प्रती थांबवायच्या. सगळ्यांनीच ते पाळले असे नाही. पण हे बंधन आहे, ही जाणीव सर्वत्र होती. बाजारपेठ नव्हती तेव्हा तिची मशागत या लोकांनीच केली. पुढे वेगवान आंतरजाल आले, जपानमधील प्रसारणानंतर काही दिवसांतच प्रत जगभर पोचू लागली, आणि जुने बंधन सैल पडले.

परंतु वितरकांचे स्वतःचे हिशेबही चुकले होते. तीन ते पाच भागांची एक तबकडी तीस डॉलरच्या आसपास, म्हणजे सव्वीस भागांची मालिका पुरी करायला पावणेदोनशे-दोनशे डॉलर. भरभराटीच्या काळात परवान्यांसाठी चढाओढ लागली, आगाऊ रकमा फुगल्या, आणि जे जे हाती लागले ते ते बाजारात ओतले गेले. त्यातच २००६ च्या जानेवारीत म्युझिकलँड या दुकानसाखळीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या सनकोस्ट या दुकानांत ॲनिमेच्या तबकड्या मोठ्या प्रमाणात खपत असत. फळ्या नाहीशा झाल्या, न खपलेला माल परत आला, देणी थकली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क मीडियाला हा घाव वर्मी बसला. ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ अमेरिकी घरांत पोचवणारी ही कंपनी २००९ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एडीव्हीनेही आपली मालमत्ता अनेक नव्या कंपन्यांना विकून टाकली आणि त्या नावाचा कारभार आटोपला. दोन वर्षांत तीन मोठी नावे पुसली गेली.

यांपैकी एडीव्हीच्या अंताने भाषांतराचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे समोर आणला. हिदेआकी आन्नो यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही १९९५-९६ ची मालिका इंग्रजीत प्रथम एडीव्हीने आणली. एका पिढीने ती त्या आवाजांत, त्या शब्दांत ऐकली. कंपनी गेल्यावर तबकड्या दुर्मिळ झाल्या आणि जुन्या संचांचे भाव चढत राहिले. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका पुन्हा आली, ती नव्या भाषांतरासह आणि नव्या आवाजांसह. जुने इंग्रजी ध्वनिमुद्रण तेथे नव्हते. चाहत्यांमध्ये मोठा वाद उसळला तो एका प्रसंगावरून. काओरू हा मुलगा शिंजीला आपल्या मनातील भावना सांगतो, तेथे जपानी शब्द आहे ‘सुकी’. जुन्या भाषांतराने तेथे प्रेमाचा शब्द योजला होता. नव्याने केवळ पसंतीचा. मराठी वाचकाला ही अडचण चटकन उमजेल, कारण आपले ‘तू मला आवडतोस’ हे वाक्य नेमके याच दोन अर्थांच्या उंबरठ्यावर उभे असते. इंग्रजीला मात्र आत किंवा बाहेर, असा एक निर्णय घ्यावाच लागतो.

दोहोंपैकी कोणते भाषांतर बरोबर, हा येथे प्रश्न नाही. वर्गात पाठभेद शिकवताना आपण दोन पाठ शेजारी ठेवतो, आणि त्यांतील अंतरातूनच संहिता उलगडत जाते. येथे नवा पाठ आला तेव्हा जुना पाठ बाजारात नव्हताच. २०२१ मध्ये जीकिड्स या वितरकाने ब्लू-रे संच काढले, त्यांत जुने ध्वनिमुद्रण समाविष्ट झाले, परंतु संग्राहकांसाठीच्या महागड्या आवृत्त्यांतच. ज्यांनी जुन्या तबकड्या जपून ठेवल्या होत्या, ते कोणी नेमणूक न करताच त्या भाषांतराचे ग्रंथपाल झाले.

अमेरिकेबाहेरच्या चाहत्याची अवस्था तर आणखी बिकट होती. त्या बहुतेक तबकड्यांवर विभागाचे कुलूप असे: अमेरिका-कॅनडासाठी पहिला विभाग, भारतासाठी पाचवा. मुंबई-पुण्यातील एखाद्याने परदेशस्थ नातेवाइकाकडून तबकडी मागवली, तरी साध्या यंत्रावर ती चालत नसे. आपल्याकडे २००४ मध्ये सुरू झालेली ॲनिमॅक्स वाहिनीही २०१७ मध्ये बंद झाली. हे चाहते अमेरिकी कंपन्यांच्या ग्राहकयादीत कुठेच नव्हते. तरी त्यांच्यापर्यंत ॲनिमे पोचत होते ते बव्हंशी इंग्रजीतूनच. अमेरिकेत एक वितरक बुडाला की त्याचे पडसाद असे दूरवर, कोणत्याही जमाखर्चात न दिसणाऱ्या ठिकाणी उमटत.

आता या कथेच्या ताज्या प्रकरणाकडे वळू. जेनिऑनच्या अनाथ मालिकांना आसरा देणारी फनिमेशन पुढे स्वतःच या क्षेत्रातील अग्रणी झाली. २०१७ मध्ये सोनीने तिच्यातील बहुसंख्य हिस्सा घेतला. २०२१ मध्ये सोनीनेच क्रंचीरोल ही प्रतिस्पर्धी सेवाही सुमारे एकशे सतरा कोटी डॉलर देऊन विकत घेतली. मग दोन दुकाने कशाला, या न्यायाने फनिमेशनचा गाशा गुंडाळण्यात आला, आणि २ एप्रिल २०२४ रोजी तिची सेवा बंद झाली. येथे कोणी बुडाले नव्हते. उद्योग भरभराटीत होता. तरीही ग्राहकांचे नुकसान झाले. फनिमेशनच्या अनेक तबकड्यांसोबत एक संकेतांक येई. तो नोंदवला की तीच मालिका आपल्या खात्यात कायमची पाहता येईल, असे आश्वासन असे. सेवा बंद होताना सांगण्यात आले, की या प्रती क्रंचीरोलवर नेता येणार नाहीत. ‘कायम’ या शब्दाची मुदत संपली होती.

२००७ आणि २०२४ या दोन समाप्तींची तुलना केली तर माझ्या मते एक फरक ठळकपणे दिसतो. पहिली कंगाल झालेल्या उद्योगाची होती, दुसरी श्रीमंत झालेल्या उद्योगाची. पहिलीत चाहत्याला न मिळालेल्या भागांचे दुःख होते. दुसरीत मिळालेले भाग काढून घेतले गेले. दरम्यानच्या काळात ॲनिमे कितीतरी सुलभ झाले. जपानमध्ये आज दाखवलेला भाग आजच उपशीर्षकांसह परदेशी घरात येतो, तोही एकेकाळच्या एका तबकडीहून कमी मासिक वर्गणीत. हे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या सोयीच्या बदल्यात आपण काय दिले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आपण वस्तू दिली आणि परवानगी घेतली. पूर्वी फक्त वितरक परवानाधारक होता. आता प्रेक्षकही परवानाधारक झाला आहे, आणि वितरकाची अस्थिरता थेट त्याच्या घरात शिरली आहे.

कायद्यानेही याची थोडीशी दखल घेतली आहे. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, अंकीय वस्तू विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते. शब्दांचा वापर प्रामाणिक व्हावा, एवढीच ही अपेक्षा आहे. गमावलेले त्यातून परत मिळत नाही, पण निदान काय गमावणार आहोत ते आधी कळते.

आणि जेनिऑनच्या त्या अर्धवट मालिका? ज्यांच्या कपाटांत त्या तबकड्या अजून आहेत, त्यांनी त्यांतली पहिली काढून यंत्रात घातली, तर ती आजही बहुधा चालेल. कंपनीचे बोधचिन्ह झळकेल, इंग्रजी आवाज ऐकू येतील, आणि तिसऱ्या-चौथ्या भागाशी कथा थांबेल. तेवढे त्यांचे आहे.