कालो: तेव्हाचा आणि आताचा

पेडण्यात किंवा डिचोलीत जत्रा म्हटली की दशावतारी कालो आलाच. आणि कालो संपला की "पूर्वीसारखो रंगलो ना" हे वाक्यही आलेच! पण पूर्वीसारखा म्हणजे नेमका कसा, हे जरा तपासून पाहायला हवे.

वालावल, मोचेमाड, खानोली, आजगाव ही दशावतारी मंडळांची गावे तेरेखोल नदीपलीकडची. (पार्सेकर मंडळाच्या नावात मात्र आपले पार्सेंच आहे.) 1788 साली पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, डिचोली त्याआधी काही वर्षे. राज्य बदलले तरी देव, सोयरीक आणि जत्रा बदलल्या नाहीत. 1961 पर्यंत मध्ये सरहद्द होती, तरी कालो आपला राहिला.

जुन्या रात्रीचे दोन भाग असत. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद पळवणारा काळा संकासूर. मग आख्यान. उजाडताना दहीहंडी. सामान म्हणाल तर एक बाकडे, हार्मोनियम, पखवाज, झांज आणि देवाचा मान असलेला पेटारा. त्या बाकड्याचे सिंहासन होई, तेच रथ आणि तेच डोंगरही. लिखित संहिता नव्हती, आजही बहुधा नसते. कथानक ठरलेले, संवाद जागच्या जागी.

आता आडदशावतार बराच आटोपता घेतात. मला यातली खरी हानी संकासुराची वाटते. गावच्या बोलीत गावच्या बड्यांची टोपी उडवण्याची मुभा त्याला होती, आणि ती तासाभराच्या ऐसपैस वेळेतच शोभत असे. पंधरा मिनिटांत विनोद होतो, टोपी उडत नाही.

ट्रिकसीनवर मात्र मी फार रागावत नाही. धूर, फिरते दिवे, फणा काढणारा नाग पाहून पोरे पुढे सरकून बसतात. पूर्वीही दिवट्या जाऊन पेट्रोमॅक्स आली तेव्हा कुणीतरी नाक मुरडलेच असेल! ध्वनिवर्धकाने मात्र आवाज लावण्याची रीतच बदलली. शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या छातीच्या जोरावर पोचणारा राक्षस आता क्वचितच ऐकू येतो.

गंमत पुढेच आहे. अलीकडे 'संयुक्त दशावतार' फार होतात, निरनिराळ्या मंडळांतले नामवंत कलाकार एका रात्रीपुरते एकत्र. जाणत्यांना हा बाजार वाटतो. पण रोजचा जोडीदार समोर नसल्यामुळे इथे पाठ झालेली जुगलबंदी चालत नाही. समोरच्याने टाकलेला शब्द झेलावाच लागतो. म्हणजे सगळ्यात नव्या प्रकारात सगळ्यात जुना गुण पुन्हा वर आला.

अमेरिकेत ग्रेटफुल डेड हा वाद्यवृंद 1965 ते 1995 असाच ऐनवेळी सुचेल तसे वाजवत राहिला. त्याच्या चाहत्यांनी रात्रीरात्रींच्या ध्वनिफिती जमवल्या, त्यामुळे कुठले वर्ष सरस यावर ते पुराव्यानिशी भांडू शकतात. आमच्याकडे आजचे प्रयोग यूट्यूबवर सापडतात. आजोबांनी पाहिलेला कालो मात्र बहुतेक त्यांच्या सांगण्यातच उरला आहे, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.